रगतवाली डॉक्टरीण

सेनगावात उतरून तुम्ही डॉक्टर मोहिनी गडदे कुठे भेटतील असं विचारलंत, तर समोरचा माणूस आधी तुमच्याकडे नीट बघेल आणि मग म्हणेल, "कोन? ती रगतवाली का?" बाई स्त्रीरोगाची एम.डी. आहे. पोटातला गर्भ का टिकत नाही, यावरचे तिचे निबंध परदेशात छापून येतात. पण आमच्या तालुक्यात तिची ओळख एवढीच, की ही आली की बाह्या वर कराव्या लागतात. मला या नावाचा पूर्वी राग यायचा. आता येत नाही, कारण त्या नावात अर्धा वाटा माझाही आहे. ती बायकांचं रक्त काढते आणि मी शेळ्या-मेंढ्यांचं.

मी वसराम राठोड, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. लोक मला डॉक्टर म्हणतात आणि मी कोणाला अडवत नाही. पगार डॉक्टरचा नाही, निदान हाक तरी असू दे.

मोहिनी सेनगावच्या पुढच्या, हटकर धनगरांच्या एका वाडीतली. तिथे प्रत्येकाकडे थोडी कोरडवाहू जमीन असते, पण जीव सगळा मेंढरांत. त्या वाडीची एक रीत आहे. मेंढी अडली, कोकरू आडवं आलं, तर घरातल्या सगळ्यांत लहान हाताच्या बाईनं आत हात घालून ते वळवायचं. पुरुषाचा पंजा तिथे कामाचा नाही. गडद्यांच्या घरात हा मान मोहिनीला फार लवकर मिळाला. फ्रॉकची बाही खांद्यापर्यंत खोचून ती वाडग्यात, मेंढरं कोंडायच्या कुडात, बसायची आणि डोळे मिटून बोटांनी आतलं कोकरू चाचपायची. पुढे नांदेडला डॉक्टरकी शिकताना तिच्या हाताचं तिथल्या मोठ्या बाईंनी कौतुक केलं, तेव्हा ती म्हणाली होती, "मॅडम, हा हात मेंढरांनी शिकवलेला आहे." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, असं मोहिनी सांगते.

ती शिकायला गेली आणि वाडग्यातलं काम घरात नव्यानं आलेल्या सुनेकडे गेलं. दुसरीकडे मुलगी बघायला गेलेल्या बायका रंग बघतात, उंची बघतात. या वाडीच्या बायका बांगड्या भरायच्या निमित्तानं हळूच पंजा बघतात. मोहिनीच्या धाकट्या भावाला, परमेश्वरला, करुणा सांगून आली तेव्हा मोहिनीच्या आईनं, भागाबाईनं, तिचा पंजा बघूनच होकार दिला होता. करुणाचा हात लहान मुलीसारखा आहे. सगळं त्या हातापासून सुरू झालं, म्हणून सांगितलं.

एम.डी. झाल्यावर मोहिनीला पैशाच्या नोकऱ्या होत्या. शहरात मोठ्या दवाखान्यांच्या पाट्या झळकत होत्या, एका पाटीवर तिचंही नाव लागलं असतं. पण शिकत असताना तिच्याकडे आपल्याच भागातल्या बायका यायच्या, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा पोट पडलेल्या. विचारलं तर म्हणायच्या, आमच्या घरात सटवाई मागं लागली हाय. मोहिनीच्या वडिलांचं नाव सटवाजी. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना सटवाईच्या पदरात घातलं आणि तिचंच नाव ठेवलं. आमच्याकडे अशा घरांत लेकरांची नावं सटवाजी, दगडू, धोंडाबाई अशी असतात. नाव टाकाऊ असलं की नेणाऱ्याची नजर त्या लेकराकडे जात नाही, असा हिशेब. शहरातल्या डॉक्टरांना ही नावं ऐकून हसू यायचं. मोहिनी त्या नावांपुढे वाडीचं नाव लिहून ठेवायची. एकेका वाडीत इतकी नावं का, हा प्रश्न तिनं धरला तो सोडलाच नाही. संशोधन संस्थेची शिष्यवृत्ती मिळवली आणि सेनगावात एका खताच्या दुकानाच्या मागची खोली भाड्यानं घेऊन बसली. आई-बाप कपाळाला हात लावून बसले, ते वेगळं.

एक दिवस ती माझ्या दवाखान्यात आली आणि विचारलं, "राठोड भाऊ, मेंढ्या कुठल्या वाड्यांत जास्त गाभडतात?" गाभडणं म्हणजे जनावराचं पोट पडणं. मी बोटांवर मोजत वाड्या सांगितल्या, वर तोंडपाठ होती ती घरंही सांगितली. ती म्हणाली, "माझ्याकडं बायका बी ह्याच घरांतल्या येऊन राहिल्यात."

तेव्हा मला ब्रुसेला हे नाव नवीन नव्हतं, पण ते मी जनावराचं दुखणं म्हणूनच शिकलो होतो. मेंढी गाभडली की तिच्या वारेत, अंगावरच्या पाण्यात हा जंतू खच्चून भरलेला असतो. उघड्या हातानं ते उचलणाऱ्या बाईच्या अंगात तो शिरतो. कच्च्या दुधातून तर कोणाच्याही शिरतो. मग ताप येतो, जातो, परत येतो. कंबर धरते. माणूस म्हणतं, काम जास्त झालं. आणि बाईला दिवस गेलेले असले तर कधी कधी पोट पडतं. हे 'कधी कधी' मोहिनी कधी गाळत नाही. मी तिला म्हणायचो, "मॅडम, कधी कधी म्हटल्यावर लोक भीत नसतात." ती म्हणायची, "मला भिववायचं न्हाई भाऊ. मला दाखवून द्यायचंय."

दाखवून देण्याआधीच बोंब झाली. ती वाडीवाडीत रक्त गोळा करू लागली, मी तिच्या मागे जनावरांचं, आणि महिना उलटतो न उलटतो तोच आठवडी बाजारात व्यापारी विचारू लागले, "कुठली मेंढरं? त्या रोगाच्या वाडीची का?" जनावराला हात न लावता पुढे जाऊ लागले. परमेश्वर एका बाजारातून रिकाम्या हातानं परतला आणि घरी येऊन बहिणीला नको ते बोलला. बहिणीला तोडता येईना, तिचं ऐकवेना. आपलेच दात अन् आपलेच ओठ.

त्यातच करुणाला तिसऱ्यांदा दिवस गेले. आधीची दोन पोटं पडली होती, दुसऱ्या वेळी तर लेकरू पोटात फिरायला लागलं होतं. चौथा महिना लागला तेव्हा ती अंगात ताप घेऊन, कोणाला न सांगता जीपनं सेनगावला आली आणि नणंदेपुढे हात धरला. मी नमुने पोचवायला गेलो होतो म्हणून तिथे होतो. मोहिनीची पद्धत साधी आहे. रक्तावरचं पाणी वेगळं करायचं, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर त्याचा एक थेंब टाकायचा, त्यात गुलाबी औषधाचा एक थेंब, आणि काडीनं फिरवायचं. काही नसलं तर थेंब गुलाबीच राहतो. असलं तर त्यात दूध नासल्यासारखे कण धरतात. करुणाच्या थेंबात कण धरले. मोहिनी बराच वेळ फरशी हलवत राहिली, जसं काही हलवल्यानं ते विरघळणार होतं.

"ताई," करुणानं विचारलं, "लेकरू हाय का गेलं?"

"हाय," मोहिनी म्हणाली. सोनोग्राफी करून आणली, हृदयाचे ठोके ऐकवले, आणि परत म्हणाली, "अजून हाय."

आपल्या मोठ्या बाईंशी फोनवर बोलून तिनं दोन प्रकारच्या गोळ्या सुरू केल्या, पोटुशीला चालतील अशा. सांगितलं, वाडग्यात पाय टाकायचा न्हाई, गाभडलेल्या जनावराकडं बघायचं सुद्धा न्हाई, दूध प्यायचं ते उकळूनच. करुणाचं नाव मात्र तिनं अभ्यासात घेतलं नाही. घरचं माणूस अभ्यासात धरत नाहीत. मी म्हटलं, एवढं कशाला कडक? ती म्हणाली, "उद्या कोणी म्हणायला नको, भावजयीसाठी आकडे फिरवले."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वाडीवर. परमेश्वरनं दात-ओठ खात खांडातली, म्हणजे कळपातली, जनावरं एकेक धरून दिली आणि मी रक्त काढलं. बरीच दुखण्याची निघाली. ऐकून तो म्हणाला, "ठीक हाय. येत्या बाजाराला काढून टाकतो."

"विकायच्या न्हाईत," मोहिनी म्हणाली.

"काहून?"

"तुझ्या घरातलं दुखणं दुसऱ्याच्या वाडग्यात टाकशील? तिथं बी कोणाची तरी करुणा असंल."

"मंग काय, माझ्या बोडक्यावर घेऊन बसू? अक्का, तू शिकली तवा याच मेंढरांवर शिकली!"

हे खरं होतं आणि म्हणूनच झोंबणारं होतं. मोहिनीचा चेहरा उतरला, पण ती मागे सरली नाही. शेवटी सटवाजी उठले. हा माणूस एरवी बोलत नाही. दोन शब्दांत काम होत असेल तर एकच वापरतो. त्यांनी मी खूण केलेल्या रोगी मेंढ्या एकेक करून बाजूला काढल्या आणि दूरच्या माळावर हाकत नेल्या. तिथं परमेश्वर एकटाच त्यांना बघेल, असं ठरलं. तो बहिणीशी बोलायचा थांबला.

पंधरवडा बरा गेला. करुणाचा ताप उतरला, चेहऱ्यावर तजेला आला. आणि मग ताप परत आला. पहिल्यापेक्षा चढा, घामानं लुगडं भिजवणारा. मोठ्या प्रयोगशाळेत रक्त पाठवलं, तर दुखण्याचा जो आकडा उतरायला हवा तो चढलेला. मोहिनीनं तो कागद माझ्यापुढे टाकला. मी तिला इतकी चिडलेली कधी पाहिली नव्हती. "ती गोळ्या घेत न्हाई," ती म्हणाली. "दुसरं काय असणार?"

करुणाला बोलावलं. मोहिनीनं तिला बसूही दिलं नाही. "गोळ्या कुठं टाकून राहिलीस? उकिरड्यावर? का मडक्यात? तुझंच लेकरू हाय ना, का माझं हाय?" मला ते ऐकवेना, पण मी मध्ये पडलो नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. करुणा उभ्या उभ्या रडायला लागली आणि पदरानं डोळे पुसले. पदर पांढऱ्या काठाचा होता. काठावर नारिंगी डाग उमटला.

त्या दोन गोळ्यांतली एक लाल असते आणि तिचा एक गुण आहे. ती पोटात गेली की लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणी, सगळं केशरी होतं. ती न घेणाऱ्याचे अश्रू तुमच्या-माझ्यासारखेच असतात. मोहिनी त्या डागाकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि भावजयीचे दोन्ही हात धरून म्हणाली, "चुकलं माझं. तू घेतलीस. एक बी सोडली न्हाई."

आता प्रश्न अवघड झाला. गोळ्या पोटात जात होत्या, मेंढ्या माळावर होत्या, मग दुखणं कुठून येत होतं? मोहिनी मऊ आवाजात विचारू लागली. सकाळी उठल्यावर काय खाते? भाकरी. कशाबरोबर? बेसन, नाहीतर भाजी. काय पिते? इथे करुणा थांबली. नणंदेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान खाली घातली. आणखी दोनदा विचारलं, तरी गप्पच.

बाहेरच्या डॉक्टरनं हा अडाणीपणा समजून कपाळावर आठ्या घातल्या असत्या. मोहिनी त्याच घरातली. तिला त्या गप्प बसण्याचा अर्थ लागला. आमच्या भागात माणूस इतकं गप्प एकाच गोष्टीसाठी बसतं. नवस बोलून दाखवला की फळत नाही.

"आईनं नवस बोललाय का?" तिनं विचारलं. करुणानं व्हय म्हटलं नाही, न्हाई म्हटलं नाही.

मी म्हणालो, "पण मॅडम, घरचं झाडून सगळं जनावर मी तपासलंय."

"तुमाला दाखवलं ते तपासलं, भाऊ."

आम्ही तशीच गाडी काढली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. वाडीवर पोचलो तेव्हा भागाबाई अंगणात तूर पाखडत होती. लेकीचं तोंड बघून तिनं सूप खाली ठेवलं. मोहिनी काही न बोलता घराला वळसा घालून मागे गेली. तिथे बिरोबाचा ओटा आहे, आणि ओट्यामागे पळसाला एक शेळी बांधलेली होती. काळीभोर, एक कान पांढरा, अंगानं चकचकीत. तिच्या गळ्यात पिवळा दोरा होता. ती कधी गाभडली नव्हती. दोन करडं सुखरूप व्याली होती. दुखणं अंगात मुरवून दुधातून सांडणारी जनावरं दिसायला अशीच ठणठणीत असतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. मी जेव्हा जेव्हा रक्त काढायला यायचो, तेव्हा तिला शेतात नेऊन ठेवलेलं असायचं.

"देवाच्या जनावराला सुई टोचत न्हाईत," मागून आलेली भागाबाई म्हणाली. "नातवंड मांडीवर आलं की हिला बिरोबाच्या नावानं सोडायचं हाय."

"अन् दूध?"

"ते करुणेला. सकाळी धार काढली की तिथंच. नवसाच्या दुधाला जाळ दाखवत न्हाईत."

"आई, मी उकळून प्या म्हणलं होतं!"

"ते मेंढरांचं म्हणली तू. हे देवाचं हाय." भागाबाईला यात काहीच चुकीचं दिसत नव्हतं, तेच भयंकर होतं. "तूच म्हणली, पोटुशीला दूध पाज. मी पाजलं. माझ्या तोंडचं तोडून पाजलं."

मोहिनीनं समजावलं. जंतू सांगितला, ताप सांगितला, आकडा सांगितला. भागाबाई ऐकत होती, पण नजर शेळीवर. शेवटी म्हणाली, "अन् नवस मोडला अन् लेकरू गेलं, तर? कोणाच्या डोक्यावर?"

"माझ्या."

"तुझ्या डोक्यावर टाकून मी काय करू, पोरी? तू बी माझ्याच पोटची हाय."

मला वाटलं, आता ही ओरडणार, शेळी सोडणार, काहीतरी तोडफोड होणार. मोहिनी ओट्यावर बसली. खूप थकल्यासारखी. मग म्हणाली, "आई, तुझा हात दे."

भागाबाईला तो सौदा वाटला. तिनं लगेच बाही वर केली. "माझं काढ. पायजे तेवढं काढ. शेळीला नको लावू." गाडीत छोटं मशीन होतं, त्यात रक्त फिरवलं. बिरोबाच्या ओट्यावरच फरशी ठेवली. थेंबात थेंब पडला. भागाबाई वाकून बघत होती. ज्या बाईला गेली कित्येक वर्षं ताप येतो-जातो, कंबर दुखते आणि ती म्हणते वय झालं, तिच्या थेंबात कण धरले.

"हे काय?"

"जे करुणेच्या अंगात हाय ते."

भागाबाई बघत राहिली. मोहिनीच्या आधी आणि नंतर तिची चार पोटं पडली होती. वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे, कोणी बोलत नाही. तिनं विचारलं, "मंग माझी ती चार... ती बी ह्याच्यानंच?"

मी मनात म्हणत होतो, व्हय म्हण बाई! एक 'व्हय' म्हण, शेळी आत्ता सुटते. तिथे दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मी तर नक्की म्हणालो असतो. मोहिनीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तरी ती म्हणाली, "आई, तवाचं मला खरंच सांगता येत न्हाई. तवा कोणी बघितलंच न्हाई."

भागाबाई खाली बसली. "न्हाईच बघितलं," ती म्हणाली. "पोट टाकणारी म्हणायचे मला. लग्नात ओटी भरायला मी पुढं झाले, की माझ्या हातातलं ताट घ्यायचे. देवऋषी झाले, कोंबडे झाले, धूप झाला. एक थेंब कोणी बघितला न्हाई माझा." ती रडली नाही, संतापली. तिला तसं संतापलेलं मी त्याच दिवशी पाहिलं. उठली, पळसाचा दोर सोडला, शेळीची शिंगं दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढे उभी राहिली आणि तोंड बिरोबाकडे करून म्हणाली, "रागवायचं असंल तर माझ्यावर रागव. राठोड साहेब, घ्या!"

शेळीच्या रक्तातही दुखणं निघालं, ते सांगायला नकोच. आमचे पशुवैद्य साहेब आले, तिला दुखू न देता कायमची झोपवली. खोल खड्डा खणून चुना टाकून पुरली. पुरण्याआधी भागाबाईनं तिच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं.

पण खरी परीक्षा त्याच्यानंतर सुरू झाली. वाडीभर झालं की लेकीच्या नादानं भागाबाईनं देवाच्या शेळीला सुई टोचली, वर तिला मातीत घातली. आता बघा काय होतं ते. बायका मोहिनीला बघून दारं लावून घेऊ लागल्या. मोहिनी मला म्हणाली, "भाऊ, हे लेकरू गेलं तर ह्या भागात एक बाई मला हात देणार न्हाई. अन् आई..." तिच्या सगळ्या शिक्षणाचं, सगळ्या निबंधांचं ओझं एका भावजयीच्या पोटावर येऊन बसलं होतं. आणि तिच्या शास्त्राकडे तिला द्यायला काय होतं? तेच 'कधी कधी'. दूध थांबवलं म्हणजे लेकरू वाचेलच, असं तिचं पुस्तकही सांगत नव्हतं. तिच्या पुढ्यातला डबा तसाच परत जायचा.

ताप उतरला. आकडा हळूहळू खाली आला. तरी रोज सकाळी फोन वाजला की ती उचलण्याआधी डोळे मिटायची.

दिवस भरायच्या जवळपास महिनाभर आधी, भर दुपारी, करुणाचं पोट दुखायला लागलं. परमेश्वरनं जीपवाल्याला गाठून तिला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. आम्ही पोचलो तेव्हा तिला आत नेलेलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई बाहेर येऊन मोहिनीला म्हणाल्या, "चला ना आत, तुम्ही आमच्या सीनियर." मोहिनी भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "नको. घरच्या माणसावर माझा हात चालणार नाही." लहानपणी डोळे मिटून आंधळ्यानं चाचपावं तसं कोकरू शोधणारा तो हात तिनं ओढणीत गुंडाळून घेतला होता.

बराच वेळ गेला. आतून करुणाचं ओरडणं येत होतं, मग तेही थांबलं. लेकराचा आवाज नाही. भागाबाई जमिनीवर बसून होती, ओठ हलत होते. एक नर्स पळत बाहेर आली आणि पळत आत गेली. तेव्हा परमेश्वर उठला. इतक्या दिवसांत बहिणीशी एक शब्द न बोललेला माणूस तिच्यापुढे येऊन उभा राहिला आणि फुटक्या आवाजात म्हणाला, "अक्का, जा ना आत. तुझा हात लहान हाय."

मोहिनी गेली.

आत काय झालं ते तिनं मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. लेकरू आडवं नव्हतं, गळ्याला नाळ होती, एवढंच नंतर कळलं. मला आठवतं ते इतकंच, की सटवाजी दाराकडे पाठ करून उभे होते, आणि रडणं ऐकू आलं तेव्हा ते वळले नाहीत. कितीतरी वेळ वळले नाहीत. लेकरू बारीक होतं, सशाच्या पिलाएवढं, पण घसा कसला! आख्ख्या व्हरांड्याला कळलं. मुलगी होती.

मोहिनी बाहेर आली ती रक्ताची नळी हातात घेऊनच. नाळेचं रक्त. भागाबाई डोळे पुसत म्हणाली, "हिचं बी काढलं का ग, रगतवाले?" दोन दिवसांनी फरशीवर थेंब गुलाबीच राहिला. मोहिनीनं तो आईला दाखवला. "काहीच न्हाई निघालं," ती म्हणाली. भागाबाईनं दोनदा विचारून खात्री केली.

मोहिनीचा निबंध पुढे छापून आला. त्यात वाड्या आहेत, बायका आहेत, मेंढ्या आहेत, माझंही नाव आभारात आहे, तेही एका अक्षराची चूक करून. करुणा त्यात नाही. भागाबाईची चार पोटं तर कुठल्याच कागदात नाहीत. मात्र बाराव्याला, म्हणजे लेकराच्या बारशाला, वाडीतल्या ज्या बायका आल्या, त्यांतल्या दोघी जाताना मोहिनीला बाजूला घेऊन विचारत्या झाल्या, "आमचं बी बघशील का?"

बाराव्याची गोष्ट सांगतो आणि थांबतो. पाळणा बांधला, घुगऱ्या वाटल्या. एक म्हातारी म्हणाली, दोन गेल्यावरची पोर हाय, नाव दगडी ठेवा, नाहीतर उकिरडी ठेवा, नजर लागणार न्हाई. दोघी-तिघींनी माना डोलावल्या. परमेश्वर घुटमळला. तेवढ्यात दाराशी बसलेले सटवाजी बोलले. मी त्यांना सलग इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"माझ्या मायनं भिऊन माझं नाव ठेवलं. मी जगलो, पण जलमभर तेच नाव घेऊन फिरलो. हिचं नाव भिऊन ठेवू नका."

नाव ठेवायचा मान आत्याचा. मोहिनी पाळण्यावर वाकली आणि रीतीप्रमाणे लेकराच्या कानात पुटपुटली. बायका तिच्या पाठीत धपाटे घालायला सरसावल्या, तोच भागाबाईनं सगळ्यांना मागे सारलं आणि लेकीच्या पाठीत पहिला धपाटा स्वतः घातला, चांगला सणसणीत.

"कानात काय सांगतीस? मोठ्यानं सांग," ती म्हणाली. "आता कोणाला भ्यायचं हाय?"

"सृष्टी!" मोहिनी मोठ्यानं म्हणाली.